ड जीवनसत्त्व, ऊन आणि त्वचेचा कर्करोग: सावळ्या कातडीचा हिशोब वेगळा आहे

१९२२ साली हचिसन आणि शाह या संशोधकांनी नाशिकमधल्या मुडदुसावर एक निबंध प्रसिद्ध केला. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहून पाय वाकण्याचा, मनगटं जाड होण्याचा आजार. हा गरिबीचा, निकस अन्नाचा रोग असं तेव्हा अनेक जण धरून चालत. नाशिकमध्ये दिसलं ते नेमकं उलट. पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, मग ती मुसलमान असोत की वरच्या जातींतली हिंदू, मुलांना मुडदूस होत होता आणि बायकांची हाडं मऊ पडत होती. ज्यांच्या जेवणात धड दूधतूपही नव्हतं, पण जी माणसं मुलांना घेऊन दिवसभर उघड्यावर राबत होती, त्यांच्यात हा आजार जवळपास नव्हता. फरक उन्हाचा होता.

त्याच सुमारास युरोपातही हेच उलगडत होतं. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरं करून दाखवलं. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातल्या मुडदूस बरा करणाऱ्या घटकाला ‘ड’ हे अक्षर दिलं. म्हणजे मासळीच्या तेलातून मिळणारी आणि उन्हातून मिळणारी गोष्ट एकच, हे तेव्हा हळूहळू लक्षात येऊ लागलं.

आता शंभर वर्षांनी शहरातलं आपलं सगळ्यांचंच आयुष्य त्या पडद्यातल्या घरांसारखं झालं आहे. सकाळी गाडीत, दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी घरी. पुण्यात दुचाकीवरच्या मुलींचा चेहरा स्कार्फने पूर्ण झाकलेला असतो आणि हातात खांद्यापर्यंतचे मोजे असतात. त्यांना धूर आणि काळवंडणं टाळायचं असतं, आणि त्यात चूक काही नाही, पण ऊन कातडीपर्यंत पोचत नाही हेही खरं. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी डॉक्टर-नर्सच्या रक्तातही ‘ड’ फार कमी आढळलं. उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती.

मग ‘उन्हात बसा’ असं सांगितलं, की लगेच दुसरा सल्ला पुढे येतो: उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो, सनस्क्रीनशिवाय बाहेर पडू नका. दोन्ही सल्ले खऱ्या शास्त्रावरच उभे आहेत. पण ते कोणत्या कातडीसाठी आणि कोणत्या गावासाठी दिले गेले, हे सांगायचं राहून जातं. माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो.

कातडीत काय घडतं

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉल बनण्याच्या एक पायरी आधीचा एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील-ब किरण, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी, त्याच्यावर पडले की त्याच्या रेणूतलं एक कडं तुटतं. शरीराच्या उबेने पुढचे काही तास त्याचं रूप पालटत राहतं आणि ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते रक्तातून यकृताकडे जातं, तिथे त्यात एक बदल होतो, मग मूत्रपिंडात आणखी एक, आणि तेव्हा कुठे ते कामाचं होतं. त्याचं मुख्य काम आतड्याला कॅल्शियम शोषायला लावणं. ‘ड’ पुरेसं नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के अंगी लागतं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. म्हणून दूध, नाचणी, तीळ भरपूर खाऊनही हाडं दुखत राहतात अशी माणसं असतात.

उन्हात दुसरेही अतिनील किरण असतात, अतिनील-अ. ते काचेतून आरपार येतात, कातडीत खोल जातात, सुरकुत्या आणि डाग वाढवतात. ‘ड’ ते बनवत नाहीत. ‘ड’ बनवणारे ब-किरण मात्र खिडकीची काच अडवते. बंद खिडकीशी किंवा गाडीत काच लावून ऊन खात बसलं तर अंग तापेल, ‘ड’ मिळणार नाही.

कोवळं ऊन आणि आपली सावली

हे लिहिताना मला थोडं जड जातं, कारण बाळाला न्हाऊमाखू घालून कोवळं ऊन दाखवण्याची रीत घराघरात आहे आणि ती मायेने पाळली जाते. पण ‘ड’साठी ते ऊन जवळपास निरुपयोगी आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण वातावरणातून तिरपे, लांबचा प्रवास करून येतात आणि त्या वाटेत ओझोन बहुतेक सगळे ब-किरण गिळून टाकतो. सकाळी सात वाजताचं ऊन सुखद वाटतं, पण त्यात ब-किरण जवळपास नसतात. त्या उजेडाने शरीराचं झोप-जागेचं चक्र नीट बसतं, तेव्हा ते जरूर घ्यावं. फक्त त्यातून ‘ड’ मिळेल असं धरू नये. तिरुपतीत संशोधकांनी कातडीतलाच तो मूळ पदार्थ कुप्यांत भरून दिवसभर उन्हात ठेवून पाहिला. त्याचं सर्वाधिक रूपांतर सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात झालं.

घड्याळापेक्षा सावली पाहणं सोपं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ब-किरण भरपूर आहेत. सावली लांब असेल तर कमी. ही साधी खूण जगात कुठेही चालते, आणि तिच्यातून आपलं नशीबही कळतं. मुंबईत डिसेंबरच्या अगदी शेवटच्या आठवड्यातही भर माध्यान्ही सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच असते. मुंबईची खरी माध्यान्ह घड्याळात साडेबारानंतर होते, हेही लक्षात ठेवा. त्याच दिवशी लंडनमध्ये दुपारची सावली उंचीच्या साडेतीनपटीहून लांब पडते. बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी कातडीत ‘ड’ बनतच नाही, हे १९८८ मध्ये मोजून दाखवलं गेलं आहे. आपल्याकडे तर मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. महाराष्ट्र आणि गोव्यात वर्षाचे बाराही महिने उन्हात ‘ड’ बनवण्याची ताकद असते. पावसाळ्यातले दाट ढग तेवढे सोडा.

पण म्हणून मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर बसा असं कोणीही सांगू नये. अकोला, चंद्रपूर, जळगावच्या माणसाला ते सांगणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. त्याची गरजही नाही, कारण मे महिन्यात सकाळी साडेनऊ-दहालाच सावली उंचीपेक्षा आखूड झालेली असते. तेवढ्या वेळी घेतलेलं ऊन पुरतं. हिवाळ्यात मात्र अकरा ते दीड हीच वेळ.

किती वेळ? एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. इंग्रजी लेखांत दिसणारी दहा मिनिटं गोऱ्या माणसाची असतात. गव्हाळ-सावळ्या कातडीला त्याच्या तिप्पट आणि काळ्या कातडीला त्याहूनही जास्त वेळ लागतो. हात, पोटऱ्या, जमल्यास पाठ उघडी ठेवून आठवड्यातले निम्मे दिवस अर्धा तास, हा सुरुवातीचा अंदाज म्हणून मी धरेन. नुसता चेहरा आणि तळहात उघडे असतील तर तेवढ्याने भागत नाही. हवेतला धूरही किरण अडवतो. दिल्लीच्या मोरी गेटसारख्या धुरकट भागातल्या तान्ह्या मुलांत ‘ड’ गुरगावच्या मुलांपेक्षा कमी असल्याचं २००२ मध्ये दिसलं होतं.

आणि एक गोष्ट सल्ला देणारे विसरतात. पाठ आणि पोटऱ्या उघड्या टाकून बसायला जागा कुणाकडे आहे? चाळीत, झोपडपट्टीत, एका खोलीच्या घरात बाईला अशी जागा नसते. तिला ‘ऊन घ्या’ म्हणणं सोपं आहे. तिच्या वाट्याला ऊन येत नसेल तर तिला औषध मिळायला हवं, त्यात तिचा आळस शोधू नये.

तोच किरण दोन्ही कामं करतो

आता कर्करोगाकडे येऊ. जो ब-किरण ‘ड’ बनवतो तोच पेशीतल्या डीएनएवरही पडतो. डीएनएच्या धाग्यात एकाशेजारी एक असलेले दोन घटक त्या आघाताने एकमेकांना चिकटतात, शिवणीत शेजारचे दोन टाके गुंतावेत तसे. पेशीकडे ही गुंतवळ कापून नवा तुकडा बसवण्याची यंत्रणा असते आणि ती बहुतेक वेळा नीट काम करते. पण वर्षानुवर्षं गाठी पडत राहिल्या तर एखादी दुरुस्ती चुकते. ती चूक पेशीची वाढ आवरणाऱ्या जनुकात झाली तर पेशी बेबंद वाढू लागते. सूर्यकिरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. कातडी रापवण्याच्या दिव्यांच्या यंत्रांना २००९ मध्ये त्याच गटात टाकलं. ‘सुरक्षित ऊन’ असा काही वेगळा प्रकार नाही. ‘ड’ देणारा भाग ठेवून इजा करणारा तेवढा गाळून टाकता येत नाही.

तरीही यातून वाट निघते, आणि ती कातडीच्या रसायनातच आहे. ऊन लागत राहिलं की काही वेळाने नवं ‘ड’ साठणं थांबतं, कारण त्याच्या आधीचा रेणू जास्तीच्या किरणांनी दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत बदलू लागतो. म्हणून नुसत्या उन्हाने ‘ड’ची विषबाधा कधी होत नाही. डीएनएवरची इजा मात्र थांबत नाही, ती मिनिटामिनिटाने वाढत जाते. फायदा लवकर पुरा होतो आणि नुकसान चालूच राहतं. म्हणून थोडं थोडं, वारंवार घेतलेलं ऊन हिताचं. महिनाभर सावलीत राहून एका रविवारी समुद्रावर कातडी लाल होईतो पडून राहणं सगळ्यात वाईट. कातडी सोलवटेपर्यंत भाजण्याचा मेलानोमाशी, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींच्या कर्करोगाशी, जवळचा संबंध आहे.

ऑस्ट्रेलियाचा धडा कुणासाठी

त्वचेच्या कर्करोगाबद्दल जगाला जे सर्वात जास्त कळलं ते ऑस्ट्रेलियात. ब्रिटन-आयर्लंडच्या मंद उन्हासाठी घडलेली गोरी कातडी तिथे प्रखर सूर्याखाली येऊन राहिली आणि दर तीन ऑस्ट्रेलियनांपैकी दोघांना सत्तरीपर्यंत कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो अशी पाळी आली. सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला, अशी मोहीम तिथे १९८१ मध्ये सुरू झाली. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात १६२१ लोकांवर १९९२ ते १९९६ दरम्यान प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पुढची दहा वर्षं त्याच लोकांवर लक्ष ठेवलं तेव्हा त्यांच्यात मेलानोमाचे रुग्ण ११ निघाले आणि तुलनेच्या गटात २२. सनस्क्रीन काम करतं, यात शंका नाही.

पण हा आकडा पुण्यातल्या सावळ्या मुलीला तसाच लावता येत नाही. मेलॅनिन हे आपल्या कातडीतलं रंगद्रव्य पेशीच्या केंद्राभोवती छत्रीसारखं पसरतं आणि किरण शोषून घेतं. एका जुन्या मोजणीत गोऱ्या माणसाच्या वरच्या कातडीचं संरक्षण साधारण ३.४ एसपीएफइतकं (सनस्क्रीनच्या बाटलीवर असतो तो संरक्षणाचा आकडा) भरलं, काळ्या माणसाचं १३.४. आपण मधे कुठेतरी. भारतात आढळणाऱ्या सर्व कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

स्वतः ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनीही आता हे मान्य केलं आहे. तिथल्या नव्या मार्गदर्शनात लोकांचे धोक्यानुसार तीन गट केले आहेत. गडद तपकिरी ते काळ्या कातडीच्या माणसांना रोजच्या जाण्यायेण्यासाठी सनस्क्रीनची गरज नाही, त्यांनी बाहेर वेळ घालवावा, आणि दोन तासांहून जास्त वेळ प्रखर उन्हात राहायचं असेल तेव्हाच संरक्षण वापरावं असं त्यात म्हटलं आहे. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी कुटुंबांनी हे वाचायला हवं, कारण मुलांच्या शाळेतून टोपी आणि सनस्क्रीनचा नियम येतो तो वर्गातल्या सर्वात गोऱ्या मुलाला डोळ्यासमोर ठेवून. टोपी घालू द्या, ती चांगलीच. फक्त तुमच्या मुलाचं ‘ड’ कमी तर नाही ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. ब्रिटनची आरोग्यसेवा तर दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ‘ड’ घ्यायला सांगते. ग्लासगोमधल्या भारतीय-पाकिस्तानी मुलांत १९६० च्या दशकात पुन्हा मुडदूस दिसू लागला होता, त्या अनुभवाची ही किंमत आहे.

आपल्याकडचा त्वचेचा कर्करोग दुसरीकडेच असतो

याचा अर्थ आपल्याला त्वचेचा कर्करोग होत नाही असा मुळीच नाही. तो होतो, पण बरेचदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये कंबरेवर होणाऱ्या ‘धोतराच्या कर्करोगा’ची नोंद केली. वर्षानुवर्षं घट्ट गाठ एकाच जागी घासत राहून, त्वचा काळी पडून, सोलवटून, शेवटी तिथे गाठ येते. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी साडी-परकराच्या नाडीखालीही तसाच कर्करोग पाहिला. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या शेकाने होतो. जुन्या भाजल्याच्या व्रणात, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत होतो.

आणि मेलानोमा आपल्याकडे होतो तेव्हा तो बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली असतो. गायक बॉब मार्ली यांचा १९८१ मध्ये मृत्यू झाला तो पायाच्या अंगठ्यातून सुरू झालेल्या अशाच मेलानोमाने. उन्हाशी याचा संबंध नसल्यामुळे सनस्क्रीन लावून तो टळत नाही. तो वेळेवर दिसावा लागतो, आणि तळपाय कोण पाहतं? हे वाचून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसांचे तळपाय एकदा नीट पाहा. वाढत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग, नखात रुंद होत चाललेली काळी रेघ, महिनाभर मलम लावूनही न भरणारा फोड, कंबरेवरची घासून जाड झालेली, चिघळणारी जागा: यातलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. परकराची नाडी रुंद पट्ट्याची करणं, तिची जागा बदलत राहणं, हा फुकटातला उपाय आहे.

उन्हापासून खरोखर जपायला हवं अशीही माणसं आपल्यात आहेत. जन्मतः रंगद्रव्य नसलेली. मूत्रपिंडरोपण झालेली आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारी. घाऱ्या डोळ्यांची, उन्हात गेली की रापण्याऐवजी लाल होणारी गोरी माणसं. कोड असेल तर पांढऱ्या जागा लवकर भाजतात. चेहऱ्यावर वांग येणाऱ्या बायकांनी सनस्क्रीन जरूर लावावं, त्यांचं ‘ड’ हातापायांवरच्या उन्हातून किंवा औषधातून येऊ शकतं. शेतकरी, मासेमार, चौकातले वाहतूक पोलीस यांना ‘ड’ची चिंता कमी, पण त्यांच्या डोळ्यांना ऊन बाधतं. मोतीबिंदू लवकर होतो, बुबुळावर मांसाचा पडदा चढतो. त्यांना रुंद काठाची टोपी आणि चांगला गॉगल कोणत्याही मलमापेक्षा जास्त उपयोगी.

‘ड’ची पुडी घेण्याआधी

ऊन नाही मिळालं तर अन्नातून फार थोडं येतं. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत बऱ्यापैकी असतं, अंड्याच्या बलकात थोडं, साध्या दुधात नगण्य. दूध किंवा तेलाच्या पिशवीवर निळ्या रंगात ‘+एफ’ची खूण असेल तर त्यात अ आणि ड वरून घातलेलं असतं. शाकाहारी घरांनी ही खूण पाहून खरेदी करावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे.

रक्तातल्या ‘ड’च्या तपासणीच्या कागदावर ३० च्या खालचा आकडा अनेक ठिकाणी कमतरता म्हणून छापलेला दिसतो आणि माणूस घाबरतो. हाडांसाठी बहुतेकांना एका मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरतात. ३० चा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०२४ मध्ये तो सोडला आणि निरोगी माणसाने उगाच तपासणी करू नये असं सांगितलं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज २००० युनिट घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही. मुळात ज्याला कमतरता नाही त्याला जास्तीचं ‘ड’ काही देत नाही. ज्याला आहे त्याचं दुखणं मात्र खरं असतं. मांड्यांत अशक्तपणा, जिना चढताना आधार लागणं, अंगभर हाडांचा ठणका, ही लक्षणं असतील तर तपासणी जरूर करा.

६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेले आठवडे घ्यायची असते. पण चुकून ती रोज घेतली जाते, चिठ्ठी हरवते, दुकानदार देत राहतो. चरबीत साठणारं हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ, भ्रम होतो, मूत्रपिंड बिघडतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले तेव्हा त्या जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून पुडीच्या पाकिटावर वार लिहून ठेवा, आणि किती आठवड्यांनी थांबायचं ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

तान्ह्या बाळाचा प्रश्न उरतो. आईच्या दुधात ‘ड’ फार थोडं असतं, आईचंच कमी असेल तर त्याहून थोडं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगते. न्हाऊ घालून कोवळ्या उन्हात नेणं चालू ठेवा, बाळाला उजेड आणि आजीची मांडी मिळते. थेंब मात्र चुकवू नका. बाटलीबरोबर आलेल्याच ड्रॉपरने मोजून द्या, कारण वेगवेगळ्या बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० किंवा ८०० असे निरनिराळे युनिट असतात.